सहावीची तीन सरकारं

जेठ ४, रविवार
डोकं उठलंय! सहावीला तीन सरकारं शिकवायची — गावची पालिका, मग प्रदेश, मग काठमांडूचं संघ सरकार. घसा बसेपर्यंत सांगितलं. मग विचारलं, नळाला पाणी नाही, कुणाकडे जाल? बिप्लव ताडकन उभा. "प्रधानमंत्री, मिस!" आणि शाळेचं छत उडालं तर? "प्रधानमंत्री!"

जेठ ५
हेडसर दाराबाहेर उभं राहून ऐकत होते. नंतर म्हणाले, "सबिना मिस, पुढच्या महिन्यात, असारात तुमचा करार संपतो ना? पोरांना एवढंही येत नसेल तर मी सही कशी करू?" दर असारात हेच! नोकरी गेली तर घर कशावर चालवू?

त्यांची मुलगी युनिशा माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर. तिला आणि तिच्या आईला टाकून सर बाजारपेठेत वेगळं घर करून राहतात. दिडकी देत नाहीत. तिच्या आईने माझ्यासमोर रडून सांगितलंय. सगळ्या गावाला माहीत आहे, बोलत कुणी नाही. मीही नाही.

जेठ ६
आजही प्रधानमंत्री.

जेठ ८
पुस्तक मिटलं. म्हटलं, घरातली एक खरी अडचण आणा आणि ती कोणत्या सरकारची ते सांगा.

जेठ ९
अडचणी तरी कसल्या! एकीची बकरी चारा खात नाही — म्हणे संघ सरकार. बिप्लवचे बाबा कतारहून फोन करत नाहीत — म्हणे वॉर्ड ऑफिस. शेवटी युनिशा उठली. "बाबा आम्हाला खायला घालत नाहीत. हे पालिकेचं. तिथे असल्या तक्रारी ऐकायला उपाध्यक्षांची न्यायिक समिती असते."

अख्ख्या वर्गात एकटीचं बरोबर! "शाब्बास!" मी ओरडले. टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या. मग कळलं मी काय केलं ते.

जेठ ११, रविवार
सरांनी नमस्कार घेतला नाही. मी युनिशाला बाजूला घेतलं. "अगं, तो वर्गातला प्रश्न होता!"

"मग खरा असला तर कुठे जायचं, मिस?"

मी तिच्यावरच खेकसले. सरांवर खेकसायची हिंमत नाही, म्हणून पोरीवर. लाज वाटते.

जेठ १५
युनिशा आईला घेऊन पालिकेत गेली. उपाध्यक्षांनी विचारलं, साक्ष कोण देईल? पोरगी म्हणाली, "आमच्या मिस." उद्या मला बोलावलंय.

संध्याकाळी सरांचा फोन. "ताप आलाय म्हणून कळवा, मिस. करारावर आजच सही करतो."

मला ताप नाही.