पुढं कोणी चालायचं

माय, सोमवारी दुपारी तू परत मेलीस. या खेपेला गावाहून कोणी निरोप घेऊन आलं नाही. मी समोरच बसले होते, माझ्याच बोटाने झालं, आणि तेव्हापासून माझे हात गार पडले आहेत. मे महिना, आमचा जरीपटका मोहल्ला, गिरणीच्या पत्र्याखाली ज्वारी दळायच्या आधीच भाजून निघते आहे, आणि माझे हात गार. चार यत्ता शिकलेली बाई मी. लिहायला बसलं की हातात शाळेतली भाषा येते, तोंडातली येत नाही. तू चालवून घे. तुला तर हीही वाचता येत नव्हती आणि तीही नव्हती.

कुठं मेलीस ते आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील पोरीला ऊन लागलं. तुझी नात सीताबर्डीवर कॉम्प्युटर शिकवते. कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीपुढे टाइपरायटर ठेवला तर कसा दिसेल, तसा. तिच्या क्लासचं छत गळायला लागलं म्हणून उखडलं, आणि नवं होईस्तोवर एकेक मशीन एकेका शिकवणाऱ्याच्या घरी पाठवलं. आमचं रिक्शात आलं, पोरीच्या मांडीवर बसून, वरून चादर पांघरून. त्याला गरमी सोसत नाही म्हणे, म्हणून कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं. तुझा जावई म्हणाला, "एवढी सेवा माह्या मायची नाई झाली या घरात." मी म्हटलं, "तुह्या मायनं तोंड बंद ठेवलं असतं या मशीनीसारखं, तर तिचीबी केली असती." तो गिरणीत निघून गेला.

त्या मशीनमध्ये एक खेळ आहे. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा, त्या रेघांचं भुयार. चार जणांची टोळी करायची, भुयारात उतरायचं, एकाखाली एक मजले आहेत, आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर एक दिवा जळतो आहे तो घेऊन वर यायचं. वाटेत भुतं, बुटके, साप, कुत्र्याच्या तोंडाची माणसं. मी दळण सोडून फक्त पाणी प्यायला आत आले होते. पोरीची टोळी पहिल्याच दारातून आत शिरली आणि तिथंच चारही जण खल्लास. माझा गिलास हातातच राहिला. "हे काय वं? नमस्कार नाई, चमत्कार नाई, डायरेक्ट मुडदा?"

"असाच आहे हा खेळ, आई. लय कठीण आहे. आमचे सर अजून दुसऱ्या मजल्याच्या खाली नाही गेले."

"मंग बनवणाऱ्याले सांग ना, पह्यले थोडं सोपं दे म्हणा. पोट्ट्यांले कोणी पहिलीतच मॅट्रिकचा पेपर देते का?"

"कोणाले सांगू? विलायतेत असेल तो."

आणि मेला तो मेला, माय. खेळ बंद करून परत चालू केला तर जिवंत होत नाही. मेल्याबरोबर मशीन करकर आवाज करते आणि काळ्या चौकोनी फ्लॉपीवर लिहून ठेवते, हा गेला. मला फार राग आला. मी रागावले की काय करते ते तुला माहीत आहे. पोरीला म्हटलं, सरक, मी सांगते तसं कर.

नवीन टोळी केली. एक मी, एक पोरगी, एक तुझा जावई. पेट्या उघडायला एक चोर लागतो, तो जावयाला केला. चौथं कोण, तर तोंडातून तुझंच नाव निघालं. पोरीने इंग्रजीत टाकलं ते. म्हणाली, "आजीले काय देऊ हातात? तलवार, भाला, का काठी?" हे काय विचारणं झालं? काठी. तू काठीशिवाय अंगणातसुद्धा उतरत नव्हतीस. पोरगी म्हणाली, काठी फक्त मंत्रवाल्यांना मिळते. म्हटलं, मग मंत्रवाली कर. आणि पुढं कोण, विचारल्यावर तर मी तिच्याकडे पाहतच राहिले. मोठं माणूस पुढं, अजून कोण? "आई, मंत्रवाल्याले मागे ठेवतात." "माही माय कोणाच्या मांगं चालली नाई. पुढं ठेव."

रामटेकच्या जंगलात आपण तेंदूपत्ता तोडायला जायचो तेव्हाची ओळ माझ्या डोळ्यापुढे होती. पहाट फुटते आहे, सगळ्यात पुढं तू, काठीने पाचोळा झोडपत, मागे काकू, तिच्यामागे मी, माझ्यामागे धाकटा भाऊ. तुझी नजर खाली, पायापुढच्या जमिनीवर. मान वळवून पाहायला तुला फुरसत नाही, म्हणून तू थोड्या थोड्या वेळाने काठी दोनदा दगडावर आपटतेस, आणि आम्ही मागून एकेक जण, मी आहे म्हणून, ओरडतो, "हाव!" एक हाव कमी आला की तू थांबायचीस. धाकटा मुद्दाम गप्प राहायचा आणि तू न वळताच म्हणायचीस, "तो माकड जिता हाये का वाघानं नेला? नेला असन तं वाघाची कीव येते मले."

खेळात पहिले काही दिवस तुझ्याच अकलेवर निभावलं. पोरगी आणि तिचे सर मरत होते ते का, ते मी तिला सांगितलं. ते पुढंच जात राहायचे, ताकद संपेस्तोवर. परत यायलाही तेवढंच लागतं हे त्यांच्या डोक्यातच नाही. तुझ्या खांद्याला पाण्याचा तुंबा असायचा. तुंबा अर्धा झाला की तू मागे फिरायचीस, मग पुढं झाड पानांनी लदबदलेलं का असेना. मी किती चिडायचे! म्हणायचे, "माय, ते पाह्य ना, समोरच हाये." तू म्हणायचीस, "समोरच हाये तं उद्याबी समोरच राहीन." तसंच खेळले. अर्धी ताकद गेली की वर, बाहेर, गावात, आराम. परत खाली. थोडं थोडं करत दुसरा मजला झाला, तिसऱ्याची शिडी दिसली. पोरीने सरांना सांगितलं तर ते म्हणाले, कोणाकडून शिकलीस? तुझी तब्येत पडद्यावर एका रेघेत दिसते. ती माझ्यापेक्षा नेहमी कमी असायची. मी म्हटलं, म्हातारी आहे, असणारच.

सोमवारी मी गिरणी लवकर बंद केली. बारीक पिठावरून एका बाईशी भांडण झालं होतं, डोकं तापलं होतं. तिसऱ्या मजल्यावर तुझी रेघ अर्ध्याच्या खाली गेली. पोरगी म्हणाली, "आई, वापस." समोर एक दार होतं. मी म्हटलं, "एवढंच एक पाहू." दार उघडलं आणि आत अस्वल उभं.

हिरव्या रेघांचं अस्वल, माय. पोरीला सांगता येईना मला काय झालं ते. मी बोट ठेवून बसले, दाबायची कळ सुचेना. त्याने एक पंजा मारला, तुझ्या नावाची रेघ पुसली गेली, आणि मशीन करकरलं.

तुझा मुडदा बाकी तिघांनी उचलून वर आणला. गावात देऊळ आहे, तिथला पुजारी मेलेल्याला उठवतो. आम्ही जमवलेलं सगळं सोनं त्याने घेतलं. मंत्र म्हटला. पडद्यावर एक ओळ आली, पोरीने ती वाचली. मी म्हटलं, "काय लिहून राहिला तो? उठली का?" ती म्हणाली, "नाही उठली. राख झाली." मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण तुझ्या नावापुढे तेच लिहिलं होतं. मी त्या पडद्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. पैसे घेऊन माणसाची राख करतो तो पुजारी कसला! तुझी खरी राख मी पाहिलीसुद्धा नव्हती. भाऊ आणि काका घेऊन गेले रामटेकला, अंबाळ्याच्या तळ्यात सोडायला. बायांनी यायचं नसतं म्हणून मी ओट्यावर बसले होते. आणि इतक्या वर्षांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली, कोणी? मशीनने.

मी तशीच बसून राहिले. पोरगी घाबरली. म्हणाली, "आई, अगं खेळ आहे. तू आजीले पुढं ठेवलं, मी सांगत होती. अंगावर चिलखत नाही, हातात नुसती काठी. जो पुढं असते त्यालेच मार बसते. मागच्यांले मार लागू नये म्हणूनच तर पुढं कोणाले तरी ठेवतात."

तिने ते असं सांगितलं, जसं भाजीत मीठ किती ते सांगावं.

खरं अस्वल आलं होतं त्या साली मी नववारीत नव्हते अजून, परकरातच होते. करवंदीच्या जाळीतून उठलं. तू एकटी पुढं होतीस. काठी जमिनीवर बडवत ओरडत राहिलीस, पळाली नाहीस, आणि ते जाता जाता तुझा उजवा हात कोपरापासून फाडून गेलं. पदराची चिंधी बांधलीस, म्हणालीस, "चाला घरी." संध्याकाळी तू चुलीपुढे बसून डाव्या हाताने भाकरी थापतेस, ती वाकडी होते, आणि आम्ही हसतो. तूही हसतेस. काही दिवसांनी परत जंगलात निघालो, हात अजून गळ्यात बांधलेला, आणि तरी तूच पुढं. मी म्हटलं, "आज तरी मले जाऊ दे ना पुढं." पुढच्याला चांगली पानं मिळतात, मला तेवढंच दिसत होतं. तू डाव्या हाताने अशी थोबाडीत दिलीस की कानात घंटा वाजली. "माह्या मांगं राह्य म्हटलं ना!" मला वाटलं, हिला मान सोडवत नाही. पुढं चालतो तो मालक, असंच मला वाटत आलं, माय. सासरी आले, गिरणी हातात घेतली, तेव्हाही मी तेच धरून चालले, पुढं राहायचं, कोणाला वाट द्यायची नाही. मी काय काय समजून बसले होते! आणि ही कालची पोट्टी, मशीनकडे पाहत, सहज बोलून गेली.

मग तिने उठून तिची पर्स उघडली आणि दुसरी फ्लॉपी काढली. म्हणाली, रविवारी खेळून झाल्यावर मी नक्कल करून ठेवली होती, क्लासमध्ये सगळेच ठेवतात, हिच्यात आजी जिवंत आहे. मी म्हटलं, "मंग मले आतापर्यंत रडू काहून देल्लं?" म्हणाली, "ही चीटिंग होते ना. तुले चालते का नाही, माहीत नव्हतं." चीटिंग गेली चुलीत! मेलेल्या माणसाची नक्कल करून ठेवता येते आणि ही पोरगी मला चालतं का विचारते. मी तिच्या पाठीत एक घातली आणि मग तिथंच तिला जवळ धरलं.

फ्लॉपी लावली. तू उभी होतीस, भुयाराच्या तोंडाशी, काठी घेऊन, रेघ भरलेली. पोरीने विचारलं, "आता कसं ठेवू?" मी म्हटलं, मला पुढं घाल. माझ्यामागे तुझा जावई, मग पोरगी, आणि तू सगळ्यात शेवटी. तुझा जावई दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "आता सासूबाईले आराम." या एका वेळी त्याला मी काही बोलले नाही.

काल दुपारी तसंच उतरलो. मला पुढं चालणं जमत नाही, माय. मी दुसऱ्या मजल्यावरच मेले. मार खात होते आणि मागे तुझी रेघ पाहत होते, ती हलली नाही, एवढ्यावर माझं लक्ष. पोरगी म्हणाली, आई, स्वतःची पाह्य ना. आज परत नक्कल लावणार आहोत. क्लासचं छत झालं म्हणतात, मशीन आता जाईल. तोवर तुला तिसऱ्या मजल्यावर नेऊन सुखरूप वर आणते की नाही, ते बघायचं. दिवा राहिला तरी चालेल.

हे पत्र टाकायची पेटी कुठं नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. काल दार उघडायच्या आधी मी टेबलावर दोनदा बोटं आपटली, तू काठी आपटायचीस तशी. त्या खेळात मागचं माणूस दिसत नाही, पुढची भिंतच दिसते. पोरगी म्हणाली, "काय झालं, आई? दाब ना." मी म्हटलं, "थांब." एरवी मी कोणासाठी थांबत नाही. काल थांबले होते, कान देऊन.