फ्लेक्स छापायच्या आधी

पुणे,
२४ मार्च २०२५

आदरणीय बाबा,

सप्रेम जय भीम. आईलेही जय भीम.

मी बरी आहे. वेळेवर जेवतो, म्हणजे आता जेवतो. आईनं धाडलेली जवसाची चटणी मिळाली. अर्धी माझ्या खोलीतल्या रक्षानं संपवली. ती साताऱ्याची, पण बोटं चाटून म्हणे, अशी आमच्याकडे होत नाही. आईले सांगा, ती खूश होईन.

तुम्ही म्हणान, पोरगी लहान्या भावाच्या, अश्वजितच्या मोबाईलवर दिसते, मंग पत्र कायले? बाबा, खाणीतल्या ड्रिल मशीननं तुमचे कान नेले. फोनवर तुम्हाले काही सांगाचं म्हणजे ओरडा लागते, अन् मी पुण्यात ओरडली का चिखल्याच्या अख्ख्या कॉलनीले ऐकू जाते. आई समजावून सांगते, तेही ओरडूनच. हे फक्त तुम्हाले सांगाचं आहे. चष्मा लावा अन् मोठ्यानं वाचू नका.

काल अश्वजितनं फ्लेक्सच्या नमुन्याचा फोटो धाडला. बाप्पा, केवढं मोठं! चौदा एप्रिलले विहारासमोर लागणार म्हणे. "आपल्या कॉलनीचा अभिमान, पुणे येथे मोठ्या कंपनीत कार्यरत, इंजिनियर कु. भावना तेजराम गजभिये यांचा भव्य सत्कार." फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा लावला, गाल पाहा कसे फुगलेले. खाली तुमच्यासकट सगळी समिती, अन् सरपंचाचं तोंड माझ्याहून मोठं. पहिले हसू आलं. मंग हसता हसता रडू आलं, अन् रक्षाले वाटलं घरी कोणी गेलं का काय.

बाबा, त्या फ्लेक्सवर एक ओळ खोटी आहे. ते छापाच्या आधी तुम्हाले सांगावं म्हणून लिहाले बसली, अन् पाहा, कवाची चटणीच चाटत बसली.

मी नोकरी सोडली. शुक्रवारी शेवटचा दिवस होता. मले कोणी काढलं नाही, कोणासंग भांडण नाही, अन् भलतंसलतं काही मनात आणू नका. साहेब तं थांब म्हणत होते, हुद्दा वाढवतो म्हणत होते. मीच नाही म्हटलं.

काहून, ते सांगतो. अश्वजितच्या लग्नाच्या अल्बममध्ये घरच्यांच्या फोटोत मी नाही. तुम्ही आजही त्या फोटोवाल्याले शिव्या देता. त्याची काही चूक नाही, बाबा. तुम्ही सगळे उभे राहिले तेव्हा मी विहाराच्या मागं, पाण्याच्या टाकीले टेकून, नवी साडी नेसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. सुट्टी मंजूर होती, तरी. "फक्त दहा मिनिटं" ऑफिसवाले म्हणाले. मी उठली तवा लोकं जेवून हात धुऊन राहिले होते.

सहा वर्षं असंच चाललं. फोन वाजला नसला तरी वाजल्यासारखा वाटते. डॉक्टरीणबाईनं बीपीची गोळी सुरू केली, आईले नका सांगू. मागच्या महिन्यात जेवता जेवता रक्षानं सहज विचारलं, तुमच्याकडे आत्ता शेतात काय असतं? अन् मले सांगता येईना. मले! डोक्यात काहीच नाही, नुसत्या कामाच्या तारखा. मी घास तसाच ठेवला अन् म्हटलं, बस झालं.

लाज वाटली, खोटं कायले बोलू. तुमसरच्या स्टेशनावर तुम्ही म्हटलं होतं, "आता मागं पाहू नको." कॉलनीतल्या पोरीईले अजूनही म्हणता, भावनासारखी हो. मंग मले तुमचंच बोलणं आठवलं. खाणीत नवीन पोट्टा उतरला का तुम्ही त्याले पहिले हेच सांगत होते, खाली जीव घाबरला तं गुपचूप काम रेटू नको, सांग अन् वर ये, हसणाऱ्याले मी पाहून घेतो. मी गुपचूप लय रेटलं. आता सांगून राहिली.

अन् रिकाम्या हातानं नाही येऊन राहिली. नाकाडोंगरीच्या एका राईस मिलमध्ये धानाच्या खरेदी-विक्रीचं काम कॉम्प्युटरवर पाहाले माणूस पाहिजे होतं. मी स्वतः फोन लावला, ठरवून टाकलं. मिलवाल्यानं एकच विचारलं, "पुण्याची पोरगी इकडे टिकन का?" म्हटलं, काका, मी चिखल्याची आहे, तुमच्या मे महिन्यात बी टिकतो. पगार कमी आहे, पण संध्याकाळी काम संपते. संपते, बाबा! घरी यायचं, आईसंग भाजी निवडाची, तुमच्या कानात ओरडाचं. मले एवढंच पाहिजे अन् ते मागाले मी लाजत नाही.

लोकं बोलतीन. लहान्याचं लग्न झालं अन् मोठी घरी येऊन बसली म्हणतीन. बोलू द्या, त्याईचंही तोंड दुखनच कधी ना कधी.

सत्काराचं तुम्ही ठरवा. रद्द केला तं मले राग नाही. ठेवला तं मंचावर मी पोट्ट्याईले खरं तेच सांगीन, शिका, बाहेर जा, अन् नाही जमलं तं परत या. जयंतीच्या दिवशी खोटं बोलणं माझ्यानं होणार नाही.

एकच विचारतो, उत्तर लिहूनच द्या. मी आली तं दारात तुमचा चेहरा कसा राहीन? मले त्याचंच भेव आहे, दुसरं कशाचंच नाही.

उत्तराची वाट पाहणारी, तुमचीच
भावना


चिखला,
२९ मार्च २०२५

चि. भावनाले तेजरामचा जय भीम अन् आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन खेप वाचलं. तुही आई विचारे, काय लिहिलं? म्हटलं, चटणी आवडली. तिले पटलं नाही, तिनं हिसकून वाचलं. बीपीचं तिले समजलं, आता तू पाहून घे.

पहिले मले राग आला. लोकाईले काय तोंड दाखवाचं, असं वाटलं. जेवलो नाही. सायकल घेऊन निघालो तो फ्लेक्सवाल्याच्या दुकानात. तो म्हणे, काका, रद्द कराचा का? म्हटलं, नाही, फक्त पुण्याची ओळ काढ. तो म्हणे, मंग तिथं काय लिहू? म्हटलं, पोरीचं नाव पुरे आहे. त्या रिकाम्या जागेत सरपंचानं आपला फोटो अजून मोठा करून घेतला.

तू खाणीचं लिहिलं. पोट्ट्याईले मी तसंच सांगत होतो, खरं आहे. पण मी स्वतः कधी वर आलो नाही. नोकरी लागली तवापासून रोज सकाळी वाटे का आज उतरू नये. रिटायर होईपर्यंत वाटे. तुह्या आईले बी कधी सांगतलं नाही. म्हणून तुले मागं पाहू नको म्हटलं होतं. मले वाटलं, खाण फक्त चिखल्यात राहते. पुण्यातलं मले काय माहीत.

चेहऱ्याचं विचारलं. चेहरा म्हातारा झाला, दुसरं काही नाही झालं त्याले. दारात उभा नाही राहणार, घ्याले येतो. गाडी कोणती ते अश्वजितले कळव. सामान जास्त असन तं सांग.

अन् भावना, मले असं पत्र कोणाले लिहावं, असं माणूस नोहतं. तुले आहे. ये.

तुहा बाप,
तेजराम