उशाशी केलेली प्रार्थना

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशीही ड्यूटीवर निघताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच प्रार्थना केली होती. ‘झोपू द्या, दमलीय पोर,’ असं तुम्हाला बजावूनही गेली.

मी प्रार्थना सोडून किती वर्षं झाली, तुम्हाला ठाऊक आहे. आज मात्र माझ्या छकुलीच्या उशाशी बसून आईसारखंच पुटपुटले. ‘आमेन’ म्हणताना तिच्या मिटलेल्या पापण्या फडफडल्या. लबाड जागीच होती!

मग मला घरात बसवेना. आईच्या कबरीपाशी जाऊन येते. दूध तापवलंय. गोळी खाल्ल्यावरच घ्या.

निघताना तुमच्या खोलीत आईच्या उशीजवळ मोठ्यानेच बोलले, तुम्ही डोळे मिटून पडला होतात, कदाचित ऐकलंही असेल: ‘आई, मी रोज जागी असायचे गं.’