थंड गावाहून उकाड्याची विचारपूस

ती. हात्सुएताईस,

धाकट्या मिचिएचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दर ऑगस्टमध्ये मी तुला लिहिते, नागोयात उकडून निघत असाल, जपा, आमच्याकडे उत्तरेला, होक्काइदोतल्या असाहिकावात मात्र रात्री पांघरूण लागतं. (ते खोचकच असायचं. तू कधी बोलली नाहीस, पण तुला कळायचं.) यंदा कोणत्या तोंडाने विचारू?

ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरांच्या फटी बुजवल्या, आणि आमच्या घरावर तर जीवच ओवाळून टाकला. भिंतीत वीतभर कापूस, खिडक्यांना तिहेरी काचा. बाहेर उणे पंचवीस असलं तरी आत हे बनियनवर बसून आइस्क्रीम खायचे. तर ताई, आत आलेली ऊब सोडायची नाही, एवढंच त्या घराला शिकवलंय. जुलैत ऊन शिरलं ते मुक्कामालाच राहिलं. पहाटेसुद्धा भिंती तापलेल्या. मी खिडकी उघडली की हे मागून येऊन लावणार. "अगं, ऊब जाते सगळी!" अहो, जाऊ द्या की मेली! एसीचं नाव काढलं तर म्हणाले, "होक्काइदोत एसी? लोक तोंडात शेण घालतील." शेवटी मीच चोरून दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "काकू, बसवणारा माणूस एकदम नोव्हेंबरात मिळेल." नोव्हेंबरात आम्ही दारातला बर्फ उपसत असतो!

आणि परवा हे टीव्हीसमोर आडवे पडलेले सापडले. अंगाची नुसती भट्टी. डॉक्टरांनी विचारलं, शेतात होते का? म्हटलं, नाही, घरात, खिडक्या लावून. शरमेने मान वर होईना, आणि रागही आला, फार आला. ज्या घराची एवढी फुशारकी मारली, तेच माणूस गिळायला निघालं होतं. आता शुद्धीवर आहेत. दवाखान्यातल्या एसीत पांघरूण मागतात आणि नर्सला खिडकीतली फट दाखवतात.

बाकी सर्व ठीक. बटाटे वेगळे पाठवले आहेत.

तुझी,
मिचिए

ता. क. पुन्हा त्या घरात झोपवलंत तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आम्हाला उन्हाळा सरेपर्यंत तुझ्या एसीत ठेवून घेशील? पण उकाड्याला भिऊन नागोयाला पळाले, असं ऐकण्यापेक्षा हे मरण पत्करतील. तेव्हा तूच त्यांना लिही, की घरात वारा शिरतो, फटी बुजवायला तुमच्याशिवाय माणूस नाही. (खोटं वाटायला नको, एखादी फट पाडून ठेव.) माझ्या पत्रांचं उट्टं नंतर काढ.

आणखी एक. लगेच लिही, ताई. गुरुवारी घरी सोडणार आहेत. आज मी निघताना ह्यांनी हात धरून विचारलं, "खिडक्या नीट लावल्यास ना?" सगळ्या सताड उघड्या टाकून आले होते, तरी मी हो म्हटलं.