पसरणी घाटातला नवा फिल्टर

२ मार्च
प्रतापगडचं भाडं. गाडी चढाला कण्हते हल्ली. मागे बसलेल्या काकूंनी विचारलंच, "चढंल ना वो ताई?" चढली. पण दुसऱ्या गिअरवर, आणि मी जीव मुठीत धरून.
घरी आल्यावर इस्लामपूरला दादाला फोन. त्याचं स्पेअर पार्टचं दुकान. म्हणाला, हवेचा जुना फिल्टर डब्यासकट काढून टाक, मी बाहेरच्या कंपनीचा उघडा फिल्टर पाठवतो, धुऊन परत वापरता येतो, गाडी मोकळी पळेल. दाजींना सांग बसवायला. दाजी बॉनेटला हात लावत नाहीत, म्हटलं.

४ मार्च
हे आजही स्ट्रॉबेरीच्या शेडवर, पेट्या भरायला. महाबळेश्वरात वीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस.
दीड वर्ष झालं. ऑगस्ट, पसरणी घाट, समोरचं दिसेना एवढं धुकं. गाडी कठडा फोडून गेली, पुढचं एक चाक बाहेर लटकलेलं. पाहुण्यांना कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण यांनी त्या दिवशी चावी माझ्या हातात दिली ती दिलीच. मला तेव्हा फक्त स्कूटी यायची. आता लायसन, बॅज सगळं माझं. गाडी मी चालवते, घर चालतं, तक्रार नाही.
मला एवढंच हवंय, हे एकदा परत स्टेअरिंगवर बसावेत. भाड्यासाठी नाही. हल्ली घरातसुद्धा मागच्या सीटवर बसल्यासारखे राहतात, कुठं चाललोय ते विचारत नाहीत.

७ मार्च
एस.टी.नं पार्सल आलं. लालभडक, शंकूच्या आकाराचा फिल्टर, सुती जाळीचा. सोबत तेलाची बाटली, पाइप, तो आवळायला क्लॅम्प. देखणा आहे अगदी, बॉनेटखाली झाकून ठेवायला जिवावर येतं.
भाडं नाही. उद्या मीच बसवणार. मेकॅनिककडं नेणार नाही, मुद्दामच. अंगणात बसवणार, यांच्या डोळ्यांसमोर.

८ मार्च
किती लिहू.
जुना डबा उघडला. फिल्टर पांढरा असतो म्हणे. हा विटेसारखा लाल. आपल्या महाबळेश्वरची सगळी माती त्यात, घड्याघड्यांत बसलेली. गवताचं बी, पतंगाचा पंख, कसलीशी काळी राख, खाली वाई-साताऱ्याकडं ऊस पेटवतात त्याची असेल. ज्या ज्या रस्त्यानं गेलो तो थोडा थोडा गाडीनं आत ओढून ठेवलाय. मी तो हातात धरून किती वेळ उभी होते. टाकवेना.
पुढच्या पाइपात बोटाएवढा सेन्सर. आत केसासारखी तार. दादा फोनवर म्हणाला, "तिला हात लावू नगंस हां. आत जाणारी हवा ती मोजती." हवा मोजते! आपण हवा म्हणजे काही नाहीच असं धरून चालतो. आणि इथे एक तार बसलीय, हवा किती आली ते इंजिनाला सांगत. मला तर हात जोडावेसे वाटले.
दादा म्हणाला फिल्टरला तेल लाव, धूळ त्यालाच चिकटते. लावलं. कोरडा वाटला म्हणून आणखी लावलं.
हे ओट्यावर चहा पीत पेपर वाचत होते. पान उलटत नव्हते. मी शेवटचा स्क्रू पिळताना तिथूनच म्हणाले, "क्लॅम्प उलटा लागलाय." आणि आत गेले. खरंच उलटा होता.
गाडी चालू केली. आवाजच वेगळा! ॲक्सिलरेटर दाबला की मोठ्या जनावरानं श्वास ओढावा तसा. इतकी वर्षं ही बया हवा पिऊनच चालत होती आणि मला ऐकूच आलं नव्हतं. अंगावर काटा आला. वर पाहिलं तर हे दारात उभे, मान तिरपी करून. ऐकत होते.

१० मार्च
दोन भाडी. गाडी पाखरासारखी. हे काही विचारत नाहीत. मी मुद्दाम जेवताना गाडीचंच बोलते. "हं" म्हणतात.

१२ मार्च
वाईला पाहुणे सोडले, रिकामी परत निघाले. पसरणी घाटात गाडी धक्के द्यायला लागली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पिकअप गेला. कशीबशी कडेला घेतली. यांना फोन.
"तेल किती घातलंस फिल्टरला?"
"भरपूर."
"बाळाची टाळू भरायची व्हती व्हय?"
घाटात एकटी उभी राहून हसले मी. थट्टा कधी ऐकली होती यांच्या तोंडून, आठवेना.
एस.टी.नं आले. उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक. त्या दिवसानंतर घाट उतरलेच नव्हते. माझ्याकडं बघितलं नाही, सरळ बॉनेटपाशी. फिल्टर काढून जुन्या धोतराच्या फडक्यानं जास्तीचं तेल टिपलं. सेन्सर सोडवला. तेल उडून तारेला बसलेलं, हवेचं माप चुकत होतं. तार साफ करायचा स्प्रे आणला होता, तो लांबून मारला, तार वाळेपर्यंत तळहाताचा आडोसा धरून बसले. एवढी मोठी खरबरीत बोटं आणि इतकी हलकी. मी बघतच राहिले. हा माणूस माझ्याच घरात होता एवढे दिवस.
मला चालव म्हणाले. चालवली. गाडी पूर्ण सुधारली का, ते शेजारी बसून यांना कळेना. "उतर. ह्ये कानाला न्हाई, पायाला कळतंय."
आणि बसले. स्टेअरिंगवर.
मी पळतच पलीकडून येऊन बसले. पट्टासुद्धा लावला नाही, आवाज होईल म्हणून. हे पूर्ण वेळ इंजिनाशीच बोलत, आता घेतीया, आता सोडतीया, थांब जरा. कठडा फोडला होता ते वळण आलं. मला लांबूनच दिसलं. हे तिसऱ्या गिअरवर, एका दमात वर काढून गेले. यांना कळलंच नाही. मी हूं की चूं केलं नाही.
पाचगणीत थांबले. चावी काढून माझ्या हातात दिली. "आता तू घे," म्हणाले. घेतली.

१३ मार्च
गाडी छान. हे शेडवर गेले. कालचं दोघांपैकी कुणी काढलं नाही. वळण कुठलं होतं ते सांगावं का? सांगितलं आणि परत बसले नाहीत तर? नकोच.

१४ मार्च
जेवणं झाली. मी ताटं उचलत होते. हे म्हणाले, "कठडा नवा बांधलाय त्यांनी. दगूड चांगला घातलाय."
ताटं हातात तशीच. म्हणजे सगळं बघितलं होतं यांनी. बघून, ओळखून, तिसऱ्यावर काढली होती गाडी. आणि मी यांना वाचवत होते दोन दिवस!
थोड्या वेळानं, "सकाळी भाडं कुठलं हाय?"
"वाई. सात वाजता."
"हं."
आता झोपलेत. कोण जाणार ते मी विचारलं नाही.