संध्याकाळच्या बाबांवर चाललेले प्रयोग

वाडी, नागपूर

सौ. भावनाताईस,

अंकुशचा नमस्कार. पुण्यात सगळे खुशाल असतील आणि भाऊजींचा गुडघा त्यांना जिने चढू देत असेल, असं धरून चालतो. (फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून कागद घेतला. तो मीटिंगमध्येही वाचता येतो.) इकडे आई ठीक, तुझी भावजय मयुरा ठीक आणि बाबा दुपारपर्यंत उत्तम.

ऊन उतरलं की त्यांना काटोलच्या मंडईत जायचं असतं. आपला संत्र्यांचा धंदा कधीचाच बंद झाला, हे त्यांच्या स्मृतिभ्रंशाला कोण सांगणार? दार बडवतात, अडवायला गेलेल्या आईचा हात पिरगाळतात. "माल गाडीत चढून राहिला अन् मले काहून कोंडलं?" असा त्यांचा सवाल. सदर बाजारातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपाळू करणारं औषध देता येईल, पण त्याने बाबा नुसते पडून राहतील. आधी बाकीचं करून बघा. मात्र एका वेळी एकच, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

म्हणून तू पाठवलेल्या पार्सलांपासून सुरुवात केली. आधी ते सुगंधी तेल. तुला लेबलवरचं 'मन शांत करते' दिसलं, 'संत्रा' दिसलं नाही. वास घरभर पसरला आणि बाबा सडलेली पेटी शोधायला निघाले. पलंगाखाली, कपाटात, शेवटी शेजारच्या प्रेमानंदकाकांच्या स्वयंपाकघरात. मग कानाला लावायचं ते भजनाचं यंत्र. बाबांनी ते फोन समजून गायकाला भाव विचारला. गायक काही केल्या सांगेना, म्हणून जे चिडले ते जेवलेच नाहीत. हातात दाबायला दिलेला मऊ चेंडू त्यांनी दाबून पाहिला, "रस नाही" म्हणाले आणि खिडकीतून फेकला.

मग एका मंगळवारी बाबा शांत राहिले. पोटभर जेवले, आईला "तू जेवली का वं?" असंही विचारलं. ताबडतोब श्रेयासाठी भांडणं लागली. प्रेमानंदकाकांनी सकाळी तळपाय चोळून दिले होते, आईने स्तोत्र म्हटलं होतं, मयुराने चहात आलं घातलं होतं, आणि मी काही केलं नव्हतं, हाही एक उपाय असू शकतो असं माझं मत पडलं. एका वेळी एकच हा नियम कोणीच पाळला नव्हता. मग एकेक करून पाहिलं. तळपाय चोळले, बाबा चिडले. स्तोत्र म्हटलं, चिडले. आल्याचा चहा पिऊन चिडले. मी काही न करता बसलो, तर माझ्यावरच चिडले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्या दिवशी आणखी काय झालं होतं? तेव्हा मयुराला आठवलं की तुझा फोन आला होता. मी दळणाला गेलो होतो, म्हणून तो बाबांनी घेतला आणि तुम्ही दोघं बराच वेळ संत्र्याच्या भावावरून भांडत होता. रविवारी तू परत बोललीस, परत शांत. बाई म्हणाल्या, दोनदा झालं म्हणजे सिद्ध झालं नाही, योगायोगही असेल. पण चालू ठेवा.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
अंकुश

ता. क. पार्सलं आता पाठवू नकोस. त्याऐवजी आठ-दहा दिवस तूच ये. फोनवर उतरतो तो राग समोरासमोरही उतरतो का, हे तू आल्याशिवाय कळायचं नाही. रजा मिळत नसेल तर बापावर प्रयोग चालू आहे असं सांग. खरंच आहे ते. आईचा हात अजून सुजलेला आहे.

ता. क. २ : एक गोष्ट लपवून बोलावणं बरं नाही. बाबांना फोनवर तू मुलगी म्हणून ओळखू येत नाहीस. ते तुला अमरावतीची कोणी व्यापारी बाई समजतात. व्यवहाराला कडक आहे, पण माणूस चांगला, म्हणतात. काल विचारत होते, "थे अमरावतीवाली बाई इकडे कधी येऊन राहिली?" मी म्हटलं, विचारून सांगतो.