हिरवा सहासष्ट

आबा, देवपूरच्या क्लासमधली दोन्ही मशीनं तुम्ही स्वतः जोडली होती. दोन्ही कॅबिनेटवर हिरव्या अंकांत ६६ पेटायचं, प्रोसेसरचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये. प्रवेशाला आलेल्या पालकांना तुम्ही आधी ते अंक दाखवायचात, मग खुर्ची द्यायचात. दाराजवळच्या मशीनवर मुलं बसायची, खिडकीजवळच्या मशीनवर मुली. म्हणून तुमची लेक असूनही मी खिडकीजवळ. मी बारा वर्षांची असेन. एक ते एक लाख मोजणारा प्रोग्रॅम तुम्ही फळ्यावर लिहून दिलात आणि दोन्हीकडे एकदमच एंटर दाबायला लावलंत. दाराजवळचं मशीन मोजून थांबलं तेव्हा माझं अडतीस हजारांच्या जवळपास होतं. तुम्ही खडू घेऊन माझ्यामागे उभे आहात. मी म्हणते, "आबा, हे मशीन हळू आहे." तुम्ही अंकांवर बोट ठेवता, घरच्या बोलीत विचारता. "वाच. आकडा किती शे?" "सहासष्ट." "मंग? मशीन बरोबर शे. तुनाच हात हळू शे." एक मुलगा ओरडतो, "सर, हिला बैलगाडी द्या!" तुम्ही त्याला गप्प करत नाही. हसता.

एंटर दाबल्यावर हाताचं काम संपलेलं असतं. हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. पुढची तीन वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, मी कीबोर्डवर मनगट सुजवून हात सुधारत राहिले. सांत्वनाला दारावर आलेले लोक म्हणत होते, "पोरीचा हात बघा कसा चालतो, बापाने घडवला."

मशीनं भंगारात देण्याआधी मी खिडकीजवळचं उघडलं. प्रोसेसरवर २५ छापलेलं होतं. सहासष्टातले पंचवीस, म्हणजे लाखातले अडतीस हजार. माझी आठवण बरोबर होती. हिरव्या अंकांना प्रोसेसरकडून एकही तार येत नव्हती. मागच्या बारीक पिनांवर टोप्या बसवल्या की हवा तो आकडा पेटतो. त्या तुम्हीच बसवल्या होत्या. पालकांना फसवलंत, तो धंदा होता. मला घरी आल्यावर तरी सांगायचं होतंत. मी कुणाजवळ बोलले नसते.

आता मी जळगावला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. स्टाफरूममध्ये लोक त्या मशीनांच्या आठवणी काढतात, टर्बो बटण, हिरवे अंक, काय दिवस होते म्हणतात. मला सुरू होताना मेमरी मोजणारी टकटक आठवते. आवडायची. ते मी सांगत नाही.

हे लिहून तुमच्या फोटोमागे खोचायचं ठरवलं होतं. आता खोचणार नाही. काल प्रॅक्टिकलला एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे मशीन हळू चालतंय." लॅबमधलं कुठलं मशीन जुनं आहे ते मला पाठ आहे. ती जुन्यावरच बसली होती. तरी मी आधी तिच्या बोटांकडे पाहिलं.